मोटर फिरली, पण समजली का?

खडूवाला (धागाकर्ता): दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यातली मोटर फळ्यावर आकृती काढून शिकवूच नये, असं माझं मत आहे. सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि इनॅमलवाल्या (वर वीजरोधक थर असलेल्या) तांब्याच्या तारेची गुंडाळी. तारेचं एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त अर्ध्या बाजूने. झाली मोटर. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी असल्या स्वस्त खेळण्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. आपल्याकडे मात्र मॉडेल म्हणजे थर्माकोल, एलईडी आणि प्रदर्शनाचा दिवस!

पोर्शन_पूर्ण: सर, वर्गात साठ पोरं. अर्धा तास तार खरवडण्यातच जाणार. मग कुणाचा सेल उतरलेला, कुणाची पिन हलतेय. बोर्डात आकृती विचारतात, मोटर फिरवून दाखवा म्हणत नाहीत.

उलटतपासणी: वेळेचं सोडा. ही पुस्तकातली मोटर नाहीच. तिथे स्प्लिट रिंग (दोन अर्ध्या भागांत कापलेली धातूची कडी) दर अर्ध्या फेरीला धारेची दिशा उलटवते. तुमच्या मोटरीत अर्धी फेरी धारा बंद असते, गुंडाळी नुसती जडत्वाने पुढे जाते. पोरगं पेपरात तेच लिहिणार आणि मार्क घालवणार.

खडूवाला: फरक आहेच, आणि शिकवायचं तेच आहे. दोन्ही टोकं पूर्ण खरवडायला लावा. गुंडाळी हेलकावे खाते आणि अडते. का अडली यावर पोरं भांडली, की स्प्लिट रिंग कशाला हवी ते त्यांचं त्यांनाच कळतं.

दहावीची_आई: आमच्याकडे 'वर्किंग मॉडेल' दुकानातून रेडीमेड आलं. बक्षीसही मिळालं. आत काय आहे विचारलं तर लेक म्हणते, "उघडू नकोस, तुटेल."

ओहमभक्त: त्याहून घातक ते तोंडी मॉडेल: वीज म्हणजे टाकीतून नळाला येणारं पाणी. मुलांना वाटतं, दिव्यात धारा संपते. दोन सारखे दिवे एकसर जोडा आणि आधी अंदाज विचारा. 'पहिला जास्त पेटेल' म्हणणारे हमखास निघतात. पेटतात दोन्ही सारखेच! यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET) सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर परिपथ जोडून बघायची सोय, उत्तम, फुकट आहे. एका प्रोजेक्टरवर साठ पोरं बघतात.

पोर्शन_पूर्ण: हे चालेल. स्क्रीनवर पिन हलत नाही.

खडूवाला: म्हणूनच तेवढ्यावर भागत नाही. मोटर का बंद पडली हे शोधत सेलपासून पिनेपर्यंत बोट फिरवलं, की परिपथ पूर्ण असणं म्हणजे काय ते कळतं.

पोर्शन_पूर्ण: फिरवू द्या बोट. पण मार्चमध्ये बोर्ड आहे. एप्रिलमध्ये नववीला घ्या की!