समुद्री शेवाळाच्या गोळ्यांनी हाडांची झीज थांबते का?

चष्मिष्ट:
आई ६१ वर्षांची. परवा डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात तो) मणक्याचा टी-स्कोअर उणे २.७ आला, म्हणजे हाडं ठिसूळ झालीयेत. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिलीये, पण उपाशीपोटी घ्या, अर्धा तास आडवं व्हायचं नाही हे ऐकूनच ती वैतागली. त्यात मावशीने सीवीड एक्स्ट्रॅक्टची बाटली आणून दिली, नैसर्गिक आहे म्हणे, झालं, आता डॉक्टरांची गोळी तशीच पडून. कुणाला अनुभव? थायरॉइडची गोळी पण चालू आहे तिची.

खारावारा:
बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाच आधी. लिथोथॅम्नियन लिहिलं असेल तर ते लाल शेवाळ, त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आणि थोडं मॅग्नेशियम, म्हणजे कॅल्शियमचीच गोळी जरा भारी कपड्यात. केल्प, म्हणजे मोठं तपकिरी शेवाळ, असेल तर प्रकरण वेगळं, त्यात आयोडीन प्रचंड. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि काही केल्पच्या एका ग्रॅममध्येच २००० च्या वर निघतं!! थायरॉइडवाल्यांनी तर हातच लावू नये.

उंदीरमामा:
फ्युकॉइडनबद्दल वाचलं असशील, तपकिरी शेवाळातलं. हाड खाणाऱ्या पेशींना ते आवर घालतं असं प्रयोगशाळेत दिसलंय, अंडाशय काढलेल्या उंदरांवरही प्रयोग झालेत. पण माणसांमध्ये फ्रॅक्चर कमी झाले असं कुणी दाखवलेलं नाही, आणि तुझी आई काही उंदीर नाही 😀 आई रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर फ्युकॉइडनपासून लांबच ठेव.

चष्मिष्ट:
पाहिलं. केल्पच आहे. आयोडीन किती ते लिहिलेलंच नाही.

खारावारा:
मग बंद कर ताबडतोब आणि डॉक्टरांना बाटली दाखव. आयोडीन जास्त झालं की थायरॉइड कुठल्याही बाजूला बिघडू शकतं, आणि हार्मोन वाढलं तर हाडं उलट जास्तच झिजतात, म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच गेलं. कॅल्शियम चालू केलंत तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब.

चष्मिष्ट:
बंद केली, मावशी रुसलीये. सकाळी उपाशीपोटी दोन्ही गोळ्या, मग आधी कुठली? आई म्हणते चहाबरोबर एकदम घेते.

खारावारा:
चहाबरोबर अजिबात नाही, ग्लासभर साधं पाणी! माझ्या सासूबाईंना आधी हाडांची, अर्ध्या तासाने थायरॉइडची असं सांगितलेलं. तरी तुमच्या डॉक्टरांना एक फोन कर.