पालिकेच्या गोल्फ कोर्सचं क्लबहाउस: दुरुस्ती की नवी इमारत? मदत हवी आहे

चाफा_ओहायो
ओहायोतल्या आमच्या शहराच्या पार्क समितीवर मी स्वयंसेवक आहे. पालिकेच्या १८ होलच्या गोल्फ कोर्सचं क्लबहाउस १९६७ चं आहे. एकमजली, ९,००० चौ. फूट, विटांच्या भिंती, सपाट छप्पर, तळाला जमिनीवरच ओतलेला स्लॅब. छप्पर तीन ठिकाणी गळतं, किचनचं सांडपाणी तुंबतं, स्वच्छतागृहात व्हीलचेअर वळत नाही. सल्लागारांचा अंदाज: दुरुस्ती ३१ लाख डॉलर, नवी इमारत ५४ लाख. समितीला पुढच्या महिन्यात शिफारस द्यायची आहे. सल्लागारांना नेमकं काय विचारू?

जोतं
३१ भागिले ५४ म्हणजे ५७ टक्के. ओहायोत शाळांच्या इमारतींसाठी दोन-तृतीयांशाचा ठोकताळा आहे: दुरुस्ती त्याच्या वर गेली की नवी बांधण्याचा विचार करायचा. तोच लावला तर तुमची रेषा ३६ लाखांवर येते. अंतर फक्त ५ लाखांचं, आणि ते न उघडलेल्या गोष्टींतच संपू शकतं.

छप्पर: ठिकठिकाणी कोअर (छपराचा आरपार गोल नमुना) कापून थर मोजायला सांगा. आधीच दोन छपरं एकावर एक असतील किंवा इन्सुलेशन भिजलेलं असेल, तर कोडप्रमाणे (बांधकामाच्या नियमांप्रमाणे) वर आणखी थर टाकता येत नाही, सगळं डेकपर्यंत (छपराच्या मूळ पाटापर्यंत) काढावं लागतं. मग नव्या ऊर्जा कोडचं इन्सुलेशन आलं, ओहायोत साधारण ५ इंचांचं. छप्पर तेवढं उचललं की एसीच्या युनिटचे कट्टे, पॅरापेट, पाण्याची तोंडं सगळं वर घ्यावं लागतं, कारण फ्लॅशिंगला (कडांवरच्या पाणीरोधक पट्टीला) ८ इंच उंची लागते. अंदाजपत्रकात नेमकं हेच गळतं.

सांडपाणी: १९६७ चे पाईप बहुधा बिडाचे. स्लॅबखाली कॅमेरा घालून व्हिडिओ घ्या. पाईप नुसता गंजला असेल तर आतून लायनिंग चालतं. पाईपला पोटात बाक आला असेल तर लायनिंग त्याच बाकावर बसतं आणि किचनचं ग्रीस पुन्हा तिथेच साचतं. तिथे स्लॅब फोडायलाच हवा.

ॲस्बेस्टॉस: ९ इंची फरशा, त्यांखालचा काळा गोंद, पाईपचं वेष्टण, छपराचे जुने थर तपासून घ्या. पाडायचं ठरलं तरी ही तपासणी चुकत नाही आणि पाडण्याआधी १० कामकाजाचे दिवस सूचना द्यावी लागते. म्हणून हा खर्च दोन्ही आकड्यांत दिसला पाहिजे.

बंकर_१८
मला तर ९,००० चौ. फूट हा आकडाच आधी तपासावासा वाटतो. तेवढं लागतं का? समारंभाच्या दालनाच्या मागच्या ३ वर्षांच्या नोंदी काढा, लग्नं आणि स्पर्धा वेगळ्या मोजा. शॉटगन स्पर्धेत (सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करतात) प्रत्येक होलवर चौघांचे दोन गट म्हणजे १४४ खेळाडू. टेबल-खुर्च्यांसाठी माणशी १५ चौ. फूट धरले तरी २,१६० पुरतात. वर्षात अशा दहाच स्पर्धा असतील तर बाजूंनी उघडा, छत असलेला मांडव आणि लहान इमारत हा तिसरा पर्यायही मागवा. किचनचंही तसंच. तळणीसाठी मोठा हूड, आग विझवण्याची यंत्रणा, बाहेरून हवा आणणारं यंत्र आणि ग्रीस ट्रॅप लागतो. सँडविच आणि कॉफीसाठी यातलं बरंचसं लागत नाही.

खेळाडूंच्या बॅटरीवरच्या गोल्फ गाड्या विसरू नका, एका गाडीत दोघं. १४४ खेळाडूंना ७२. लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, त्यामुळे त्यांची खोली हवेशीर हवी. ७२ चार्जर एकदम चालले तर जुना विद्युतजोड कमी पडू शकतो.

आणि वेळापत्रक. नोव्हेंबर ते मार्च एवढ्यात संपूर्ण दुरुस्ती बसणं कठीण, म्हणजे एक हंगाम ट्रेलरमधून चालवावा लागेल. नवी इमारत शेजारी बांधली तर जुनी चालू राहते आणि नंतर तिथे पार्किंग करता येतं. हा फरक डॉलरमध्ये मांडून मागा.

चाफा_ओहायो
धन्यवाद. कॅमेरा आणि कोअर दोन्ही झालेले नाहीत. नदी जवळ आहे म्हणून फेमाचा (केंद्रीय आपत्ती संस्थेचा) पूरनकाशा पाहिला, तर इमारतीचा एक कोपरा एई क्षेत्रात, म्हणजे पुराचा मोठा धोका असलेल्या क्षेत्रात दिसतो. त्याने काही अडतं का?

जोतं
हो, याने निकालच लागू शकतो. एक कोपरा असला तरी संपूर्ण इमारत पूरक्षेत्रात धरतात. आणि दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या ५० टक्के किंवा जास्त झाला, तर तिला नव्या इमारतीचे पूरनियम लागतात. बाजारभावात जमीन धरत नाहीत, त्यामुळे १९६७ च्या इमारतीला ३१ लाख लावलेत तर ही मर्यादा ओलांडाल असं समजूनच चला. विटांची, स्लॅबवर बसलेली इमारत उचलणं व्यवहार्य नाही, आणि भिंती-दारं पूररोधक करणं फार महाग पडेल.

दिव्यांगांच्या सोयींचंही विचारा. दालन बदललं की तिथवरची वाट आणि स्वच्छतागृहं सुधारावी लागतात, त्या कामाच्या खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत. काम तुकड्यांत केलं तरी मागची ३ वर्षं एकत्र मोजतात.

पण कोअर आणि कॅमेऱ्याच्याही आधी सर्वेअर बोलवा. इमारतीला लागून असलेली सर्वांत खालची जमीन मोजायला सांगा. ती पुराच्या आधारपातळीइतकी (नकाशात धरलेल्या पुराच्या पाण्याच्या उंचीइतकी) किंवा वर निघाली, तर फेमाकडे नकाशा-दुरुस्तीचा अर्ज करता येतो आणि पूरनियमातून सुटायची वाट मिळते. खाली निघाली, तर ३१ लाखांचा आकडा समितीपुढे ठेवूच नका. तेव्हा पूरक्षेत्राबाहेरच्या जागेवरचा, बंकर_१८ म्हणतात तसा लहान इमारतीचा आकडा मागवा.