गोळीबार अमेरिकेत, डाव्या-उजव्याचा हिशोब आपल्या ग्रुपवर?

टिळकरोडवरचा (धागाकर्ता):
10 सप्टेंबर 2025ला युटामधे ट्रम्पचा समर्थक, उजव्यांचा नेता चार्ली कर्कला कॉलेजच्या आवारात भर कार्यक्रमात गोळी घातली आणि संशयित हाती लागायच्या आधीच आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या, मारणारा डावाच असणार, छे उजव्यांच्याच भांडणातला असणार. पुण्यात बसून! माझं म्हणणं, ही लेबलं लावून आपल्याला बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. जुलै 2024ला बटलरमधे ट्रम्पवर गोळी झाडणारा पोरगा रिपब्लिकन, म्हणजे तिकडच्या उजव्या पक्षाचा, म्हणून नोंदलेला मतदार, आणि त्यानेच पुरोगामी लोकांच्या एका गटाला 15 डॉलर दिलेले. बसवा कुठे बसवायचं ते. 1967ला कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड घेऊन फिरायला बंदी आली त्यावर सही कोणाची, तर तिथला रिपब्लिकन गव्हर्नर रेगनची, कारण ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक बंदुका घेऊन पोलिसांच्या मागे मागे फिरायला लागले होते. आणि आपल्याकडच्या डाव्यांचा लाडका अमेरिकन नेता बर्नी सँडर्स, त्याने 1993ला बंदूक विकताना तपासणी करायच्या ब्रेडी बिलाविरुद्ध मत दिलेलं, कारण व्हरमाँटमधे शिकारीवाले मतदार भरपूर.

सांगली_ते_डलास:
भाऊ, 1967 आणि 1993 काढून आजचं राजकारण कळत नसतं. डिसेंबर 2012ला सँडी हूकच्या शाळेत 20 लहान पोरं आणि 6 मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर एप्रिल 2013ला बॅकग्राउंड चेक (बंदूक घेणाऱ्याची आधी तपासणी) वाढवायचं अगदी मवाळ बिल सिनेटमधे आलं, 54 बाजूने 46 विरोधात, तरी पडलं कारण तिथे 60 लागतात. ते 46 कोण होते बघा, बोटावर मोजण्याएवढे डेमोक्रॅट (तिकडचा डावीकडचा पक्ष) सोडले तर सगळे रिपब्लिकन. गोळी मारणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते सोडा, कायदा कोण अडवतं हे लेबल बघूनच कळतं.

टिळकरोडवरचा:
आणि 2022? युवाल्डेच्या शाळेत 19 पोरं आणि 2 शिक्षिका गेल्या, महिन्याभरात बंदुकांवर कायदा झाला, सिनेटमधे 15 रिपब्लिकन बाजूने होते. ऑस्ट्रेलियात तर 1996ला पोर्ट आर्थरला 35 माणसं मेली आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या त्या तेव्हाचा पंतप्रधान जॉन हॉवर्डने, चांगला कट्टर उजवा माणूस.

सांगली_ते_डलास:
त्या 15 मधला म्होरक्या सिनेटर कॉर्निन आमच्या टेक्सासचा. कायद्याच्या वाटाघाटी चालू असताना ह्यूस्टनला स्वतःच्याच पक्षाच्या अधिवेशनात लोकांनी त्याची हुर्यो उडवली, स्टेजवर बोलू देईनात. लेबलाचा धाक म्हणतात तो हा. आणि ऑस्ट्रेलिया कशाला मधे आणता, तिथे ना सेकंड अमेंडमेंट (बंदूक बाळगायचा हक्क देणारी घटनादुरुस्ती) ना 2008चा हेलर निकाल, इथे सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की घरात पिस्तूल ठेवणं हा माणसाचा हक्क आहे. 39 कोटी बंदुका आहेत लोकांकडे, माणसांपेक्षा जास्त, कोण परत घेणार?

ह्यूस्टनबाहेरचा:
माझ्याकडे आहे पिस्तूल. आणि मी मत डेमोक्रॅटना देतो. आता काय करता? गावाबाहेर राहतो, शेरिफची गाडी यायला अर्धा तास लागतो, बायको रात्रपाळीला असते. कमला हॅरिसनेही सांगितलेलं की तिच्याकडे ग्लॉक पिस्तूल आहे. भारतातून फोन आला की मावसभाऊ विचारतो, तिकडे रोज गोळीबार होतो का रे, जसं काय मी दूध आणायला हेल्मेट घालून जातो.

एडिसनची_काकू:
ह्यूस्टनकर, तुमचं पिस्तूल तिजोरीत असतं का उशाशी? चोराची गोष्ट सगळे सांगतात म्हणून विचारते. 2023 मधे इथे बंदुकीने 46,700 च्या वर माणसं गेली, त्यातल्या 27,300 आत्महत्या. अर्ध्याहून जास्त! त्याची बातमी होत नाही, त्यात कोणी डावा-उजवा शोधत नाही, आणि भारतातल्या नातेवाईकांना तर पत्ताच नसतो, त्यांना फक्त शाळेतला गोळीबार दिसतो. तोही खोटा नाही म्हणा. माझा नातू बालवाडीत आहे, दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायची प्रॅक्टिस करतात त्यांची, घरी येऊन सांगतो आज मी हललो पण नाही.

बीडचा_भाचा:
सगळे अमेरिकेला नावं ठेवतायत म्हणून विचारतो. फेब्रुवारी 2024ला उल्हासनगरला पोलिस स्टेशनच्या आत भाजपच्या आमदाराने शिंदे गटाच्या नेत्यावर गोळ्या झाडल्या, दोघं एकाच सरकारातले, मूळ भांडण जमिनीचं. त्याच आठवड्यात दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना खून, ऑक्टोबरमधे वांद्र्यात बाबा सिद्दिकी. उद्या कॅन्ससच्या एखाद्याने उल्हासनगरचं वाचून ‘उजव्यांची हिंसा’ म्हटलं तर आपण हसू ना? मग आपण वेगळं काय करतो? आमच्या जिल्ह्यात तर हजाराच्या वर बंदुकीचे परवाने निघाले, लग्नात हवेत बार काढायचे आणि रील टाकायची, कुठला पक्ष न कुठलं काय.

सांगली_ते_डलास:
भाचे, बीडला हजार परवाने झाले तर राज्यभर बोंब झाली आणि प्रशासन ते रद्द करायला लागलं. इथे टेक्सासमधे 2021पासून पिस्तूल लावून फिरायला परवानाच लागत नाही, रद्द काय करणार कप्पाळ? आणि तो कायदा रिपब्लिकन विधानसभेने केला, रिपब्लिकन गव्हर्नरने सही केली. परत तेच सांगतोय, खुन्याला लेबल लावू नका, आमदाराला लावा.

ह्यूस्टनबाहेरचा:
काकू, तिजोरी आहे, बोटाच्या ठशाने उघडते, पोरगं तेरा वर्षांचं झालं तेव्हा घेतली. गोळ्या वेगळ्या खणात. पण पिस्तूल विकणार नाही हे आधीच सांगतो, बायकोशी यावर भांडून झालंय.