नऊ ध्येयं आणि आठवड्याला नऊ तास: क्रम कसा लावायचा?

संत्राबर्फी
येत्या वर्षाची यादी करून राहिले, ती नऊवर गेली. सप्टेंबरअखेरची सर्टिफिकेशन परीक्षा, जर्मन ए१ (पहिली पातळी), हाफ मॅरेथॉन, आठ किलो वजन कमी करणं, २४ पुस्तकं, गच्चीवर भाजीपाला, सहा महिन्यांच्या खर्चाइतका राखीव पैसा, गृहकर्जाची जादा परतफेड आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. नोकरी नागपूरच्या मिहानमध्ये, घर मानेवाड्याला. घरचं सगळं आटोपून आठवड्याला नऊ तास मोकळे मिळतात. सगळंच महत्त्वाचं वाटते. आधी काय धरू?

हिशेबनीस
ताई, महत्त्वावरून क्रम लावायला बसलात तर अडकाल. आधी कशाला काय लागतं ते पहा.

ऑपरेशन यादीतून काढा. डॉक्टरांची तारीख घ्या, नंतरचे थेंब आणि तपासण्या कोण सांभाळणार ते घरात ठरवा, कॅलेंडरवर लिहा. पैशांची दोन ध्येयं वेळ खात नाहीत, त्यांची वही वेगळी ठेवा. वजन पळण्यात आणि जेवणात मिसळतं. उरली पाच, त्यांना तास लावा:

परीक्षा २००, जर्मन १५०, पुस्तकं १४४ (प्रत्येकी सहा तास), हाफ मॅरेथॉन ७२ (१६ आठवडे, साडेचार तास), गच्ची ६३. बेरीज ६२९.

आता हातातले तास. वर्षाचे आठवडे ५२, पण लग्नसराई, सण, आजारपण, पाहुणे यांत दहा जातातच. ४२ गुणिले ९ म्हणजे ३७८. त्यातलाही पाचवा हिस्सा अडीअडचणीला ठेवा, म्हणजे ३०२ उरतात. यादी दुपटीहून मोठी आहे. यामुळेच अशा याद्या फेब्रुवारीत कोसळतात, आणि माणूस आपल्या आळसाला दोष देत बसतो.

निवडीसाठी पाचांच्या जोड्या लावा, दहा होतात. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न: दोन्हींपैकी एकच यंदा होणार असेल, तर कोणतं सोडताना जास्त जीव तुटेल? त्याला एक खूण. सर्वाधिक खुणांची दोनच घ्या. बाकीची ‘यंदा नाही’ या पानावर, पुन्हा उघडायची तारीख घालून. तारीख नसली की ती मनात कुरतडत राहतात.

फुटाळाकाठ
हिशेब पटला, पण दोन्ही जानेवारीत सुरू करू नका. परीक्षेचे २०० तास सप्टेंबरअखेर संपायला हवेत. खाडे वजा करून त्याआधी साधारण ३० आठवडे हाती येतात, म्हणजे आठवड्याला पावणेसात तास. तोवर पळण्याची गंभीर तयारी होत नाही, आणि नागपुरात ते बरंच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, त्यात नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस), मग पावसाळा. तोपर्यंत भल्या पहाटे ४० मिनिटं झपझप चालणं, आठवड्यातून तीनदा, एवढं पुरे.

ऑक्टोबरपासून १६ आठवडे धरा, जानेवारीअखेरची शर्यत गाठता येते. वर्ष ३१ डिसेंबरला संपलं म्हणून ध्येय त्या दिवशीच संपायला पाहिजे असं काही नाही. पण ऑक्टोबरला पाच किलोमीटर न थांबता जमत असले पाहिजेत. थेट लांब पल्ला धरला की नडगी आणि गुडघे बोलतात, मग तीन आठवडे घरी.

गच्चीचंही तेच. एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी लावूनही पालेभाजी होरपळते. सप्टेंबर-ऑक्टोबरला मेथी-पालकच्या चार कुंड्या लावा, ६३ तासांचा पसारा नको.

पासबुक
पैशाच्या वहीत राखीव रक्कम आधी, कर्ज नंतर. कर्जात भरलेला पैसा अडचणीत परत मिळत नाही. समजा घरचा आवश्यक खर्च ३५,००० आणि बाजूला पडतात १५,०००. सहा महिन्यांचे २,१०,००० जमायला १४ महिने लागतील, म्हणजे ते यंदा पूर्ण होणार नाही, हे आजच मान्य करा. तीन महिन्यांचे १,०५,००० सात महिन्यांत होतात. त्यानंतर १०,००० राखीवला, ५,००० कर्जाला. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते होऊ द्या, महिनाअखेर उरलेलं टाकू म्हटलं की काही उरत नाही.

फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. मात्र हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करा असं लेखी द्या, व्याज त्यात जास्त वाचतं.

संत्राबर्फी
जोड्या लावल्या. परीक्षा आणि पळणं वर आले. पण जर्मन सोडवत नाही. रोज १५ मिनिटं चालू ठेवलं तर?

हिशेबनीस
रोज १५ मिनिटं म्हणजे आठवड्याला पावणेदोन तास. पावणेसात आणि चालण्याचे दोन धरले तर नऊ कधीच भरले, हे परीक्षेतूनच कापलं जाणार. ऑक्टोबरनंतर पळणं वजा जाता साडेचार उरतात. दीड कुंड्यांना आणि अडचणीला ठेवून तीन जर्मनला दिले, तर १५० तासांना ५० आठवडे. ‘यंदा नाही’च्या पानावर जर्मनपुढे १ ऑक्टोबर लिहा, आणि क्लासची फी तोवर भरू नका. फी भरली की मन परीक्षेच्या आधीच तिकडं ओढ घेतं.