डॉक्टरांविरुद्धच्या दाव्यासाठी वकील: लढवय्या हवा की आधी कागद वाचणारा?

रानजाई (धागाकर्ती)

उपचारातल्या निष्काळजीपणाबद्दल दावा लावायचं ठरलं की घरातलं कुणीतरी पहिल्यांदा विचारतं, "वकील खमका आहे ना?" माझ्या मते या दाव्यांत खमकेपणा नंतर येतो. पहिल्याच भेटीत "केस पक्की आहे, सोडत नाही त्यांना" असं म्हणणाऱ्याला वकीलपत्र देऊ नये. "आधी सगळे कागद काढा, त्याच शाखेतल्या एखाद्या त्रयस्थ डॉक्टरला दाखवू, मग बोलू" असं म्हणणारा निवडावा. भले तो पुढच्या भेटीत "यात दावा उभा राहत नाही" असं का सांगेना.

डॉक्टरची चूक झाली एवढं दाखवून भागत नाही, त्या चुकीमुळेच नुकसान झालं हेही सिद्ध करावं लागतं. इंग्लंडमधला साठच्या दशकातला बार्नेट खटला पाहा. चहा प्यायल्यावर उलट्या सुरू झालेले तीन पहारेकरी रुग्णालयात गेले. ड्यूटीवरच्या डॉक्टरने त्यांना तपासलंच नाही, फोनवर नर्सला सांगून घरी पाठवलं. त्यातला एक काही तासांत आर्सेनिकच्या विषबाधेने गेला. डॉक्टरने कर्तव्यात कसूर केली हे कोर्टाने मान्य केलं, तरी मृताची पत्नी दावा हरली. कारण वेळीच तपासलं असतं तरी उतारा मिळून तो वाचला असता, हे सिद्ध झालं नाही. तुमचा वकील हा प्रश्न पहिल्या भेटीत तुम्हाला विचारणार नसेल, तर पुढे समोरचा वकील कोर्टात विचारेलच.

आडवाट

पूर्ण असहमत. त्रयस्थ डॉक्टर आणायचा कुठून? एका डॉक्टरविरुद्ध दुसऱ्याने लेखी मत देणं किती दुर्मीळ आहे, हे ज्यांनी दारोदार फिरून पाहिलंय त्यांना विचारा. तोंडी सगळे सांगतात, "हे चुकलंच." सही मागितली की फोन उचलत नाहीत.

शिवाय कायद्याचा कल आधीच डॉक्टरांकडे आहे. इंग्लंडमधल्या १९५७च्या बोलम खटल्यापासून कसोटी अशी, की त्या विषयातल्या जबाबदार डॉक्टरांचा एक गट ती पद्धत योग्य मानत असेल तर निष्काळजीपणा धरायचा नाही. म्हणजे प्रतिवादीने आपल्या बाजूचे चार तज्ज्ञ उभे केले की झालं. १९९७ साली बोलिथो खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) म्हटलं, की तज्ज्ञांचं मत तर्काला टिकत नसेल तर कोर्ट ते बाजूला ठेवू शकतं. पण ते तर्काला टिकत नाही हे उलटतपासणीत दाखवणार कोण? खमका वकीलच. भारतात तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली व्ही. किशन राव खटल्यात सांगितलं, की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही. मग तज्ज्ञाच्या होकाराची वाट बघत का बसायचं?

आणि मुदत? भारतात ग्राहक आयोगात दोन वर्षं. इंग्लंडमध्ये साधारण तीन. कॅलिफोर्नियात चूक कळल्यापासून एक वर्ष किंवा इजा झाल्यापासून तीन, यातलं जे आधी संपेल ते. तुमचा अभ्यासू वकील कागद वाचत बसला आणि तारीख उलटली, तर त्याच्या अभ्यासाचं काय करायचं?

संथ वाहते

मी भूलतज्ज्ञ आहे, अनेक वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली आहेत. रानजाईंशी सहमत, पण कारण वेगळं आहे.

लोक वकिलाकडे डिस्चार्ज कार्ड आणि बिलं घेऊन जातात. डिस्चार्ज कार्ड हा सगळं संपल्यावर लिहिलेला सारांश असतो. काय घडलं ते नर्सिंग नोट्समध्ये, भुलेच्या चार्टवर, औषध कधी दिलं त्या नोंदीत आणि संमतीपत्रावरच्या वेळेत सापडतं. रात्री दोन वाजता रक्तदाब घसरल्याची नोंद नर्सने केली आणि डॉक्टरची पुढची नोंद सकाळी सातची असेल, तर मधल्या पाच तासांत सगळा दावा आहे. हे कागद स्वतःहून मागणारा वकील आणि "आणलंय तेवढं पुरे" म्हणणारा वकील यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निवडायचा असेल तर फाइल त्याच्यासमोर ठेवा आणि तो काय मागतो ते ऐका. काहीच मागितलं नाही तर उठून या.

गुंतागुंत आणि निष्काळजीपणा यांतला फरकही त्याला कळायला हवा. शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होणं हा एरवी दोष नसतो. ताप चढत असताना तीन दिवस कुणी जखम उघडून पाहिली नाही, हा दोष असू शकतो. "पेशंट बरा होऊन आला नाही" एवढ्यावर दावा लावणारे वकील रुग्णाच्या कुटुंबाची वर्षं खातात आणि डॉक्टरांचीही. माझ्या सहकाऱ्यांना असे दावे भोगताना जवळून पाहिलंय, म्हणून हे कळकळीने लिहितेय.

एक मात्र: वकील स्वतः डॉक्टर आहे म्हणून भुलू नका. हाडांच्या डॉक्टरला बाळंतपणातला मॉनिटरचा आलेख वाचता येईलच असं नाही.

मुक्काम पोस्ट

इथे कुणी पैशांबद्दल बोलत नाही आणि खरी निवड तिथेच होते. अमेरिकेत असे दावे बहुधा भरपाईतल्या वाट्यावर घेतले जातात, अनेकदा एक तृतीयांशाच्या आसपास. हरलात तर वकिलाला फी नाही. ऐकायला छान. पण तज्ज्ञांचा खर्च बहुधा वकीलच आधी उचलतो, म्हणून भरपाई मोठी दिसली तरच तो केस घेतो. निवृत्त, कमाई नसलेली आजी चुकीच्या औषधाने गेली, तर चूक ढळढळीत असूनही कुणी हात लावत नाही. रानजाई, तुमच्या कसोटीने तो "नाही" म्हणणारा वकील प्रामाणिक ठरेल. प्रत्यक्षात त्याने फक्त हिशेब केलेला असतो.

भारतात निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. तिथे उलटा धोका. दावा चालो न चालो, तारखेगणिक फी मिळत राहते, त्यामुळे "नाही" म्हणण्याचं कारणच उरत नाही.

रानजाई

मुद्दा महत्त्वाचा आहे. म्हणून नकार मिळाला तर कारण लेखी मागावं. "दोष दिसत नाही", "दोष आहे पण नुकसानीशी संबंध जुळत नाही" आणि "खर्चाच्या मानाने रक्कम लहान आहे" ही तीन वेगळी उत्तरं आहेत. तिसरं मिळालं तर दुसरा वकील शोधावा.

आडवाट, मुदतीचं तुम्ही म्हणता ते खरं, पण ते माझ्या बाजूचं आहे. कागद वाचणारा वकील सर्वांत आधी तारीखच काढतो. मुदत कधी संपते हे पहिल्या भेटीत जो सांगू शकत नाही, तो खमका असून काय उपयोग?

ओलावा

आमच्या घरातली केस अजून चालू आहे, म्हणून तपशील देत नाही. पण सगळे कागद-कागद म्हणताय, आणि पेशंटला काय सांगितलं गेलं हे कुठल्याच कागदावर नसतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१५चा माँटगोमेरी निकाल नेमका त्यावर आहे. आईला मधुमेह होता, बाळ मोठं होतं आणि प्रसूतीत खांदा अडकण्याची शक्यता नऊ ते दहा टक्के होती. डॉक्टरने हे तिला सांगितलं नाही. बाळाला गंभीर अपंगत्व आलं. कोर्टाने म्हटलं, की तिच्या जागी असलेल्या सुजाण व्यक्तीला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगायलाच हवा.

अशा केसमध्ये शांतपणे ऐकून घेणारा वकील लागतो. आम्ही पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो त्यांनी आमच्या आईला एकही प्रश्न विचारला नाही, फक्त फाइल चाळली. दुसऱ्या वकीलबाईंनी तिला विचारलं, "ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर काय बोलले? आणखी कोण होतं खोलीत?" त्या उत्तरातून आम्हाला साक्षीदार मिळाला.

आडवाट

ओलावा, हे पटलं. मात्र रानजाई, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. सही करायला कुणीच तयार नसेल तर काय?

रानजाई

दूरच्या शहरातले, निवृत्त किंवा वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉक्टर पाहा. स्थानिक ओळखींचं ओझं त्यांच्यावर कमी असतं. "दोषी कोण?" असं न विचारता "या नोंदी पाहता रात्री दोन ते सात काय करायला हवं होतं?" असं विचारा, लेखी उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. आणि हे प्रश्न ज्याला लिहिता येतात त्या वकिलाचीच मी बाजू घेतेय. त्यातूनही कुणी सापडलं नाही आणि चूक सामान्य माणसालाही कळावी अशी ढळढळीत असेल, म्हणजे पोटात राहिलेला कापूस किंवा डाव्याऐवजी उजवा डोळा, तर तुमचा किशन राव खटला काढा आणि मुदतीच्या आत दाखल करा.