मदत हवी आहे: कस्टम रॉम टाकल्यापासून आईच्या फोनवर कॉल लागत नाही

नमस्कार मंडळी. आईचा २०१९ चा फोन आहे, क्वालकॉम प्रोसेसरचा. कंपनीने अँड्रॉइड ११ नंतर अपडेट देणं बंद केलं. फोन धडधाकट, बॅटरीही टिकते, म्हणून गेल्या आठवड्यात बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्रॅम) अनलॉक करून अँड्रॉइड १४ चा कस्टम रॉम (फोन कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली प्रणाली) टाकला.

आता इंटरनेट झकास चालतं, पण कॉल लागत नाही. नंबर फिरवला की दोन सेकंदांत कट. तिचं सिम फक्त ४जी-५जी नेटवर्कचं आहे, म्हणजे व्होएलटीई (४जीवरून आवाजी कॉल) नसेल तर आवाज जायला दुसरा रस्ताच नाही. माझं दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं तर कॉल २जीवर उतरून लागतो, त्यामुळे हार्डवेअर ठीक असावं.

*#*#४६३६#*#* डायल करून चाचणी मेनूत पाहिलं, आयएमएस (व्होएलटीई कॉल जोडणारी नेटवर्कची यंत्रणा) 'नोंदणी नाही' दिसतं. *#०६# वर दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक) बरोबर येतात. एपीएन (मोबाइल डेटा जोडणीची सेटिंग) तपासला, नेटवर्क सेटिंग रीसेट केली, सिम दुसऱ्या खाचेत घालून पाहिलं. फरक शून्य.

माझा संशय मोडेम फर्मवेअरवर (नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाचं सॉफ्टवेअर) आहे, कारण रॉम टाकण्याआधी कंपनीचं शेवटचं अपडेट घेतलं नव्हतं. रॉम न काढता नुसतं मोडेम फर्मवेअर फ्लॅश करता (नव्याने टाकता) येतं का? त्यात ईएफएसला (आयएमईआय आणि नेटवर्कची माहिती साठवणारा फोनचा भाग) धोका किती? बॅकअप घेतलेला नाही, म्हणून हात लावायला भीती वाटते.

आई गावी एकटी असते, रविवारी परत जायची आहे. कुणी हे निस्तरलं असेल तर कृपया क्रमवार सांगा.