म्हशीच्या विण्याची आगाऊ सूचना देणाऱ्या शेपटीच्या सेन्सरबद्दल मदत हवी आहे

खटाव तालुक्यात (जि. सातारा) आमचा मुऱ्हा म्हशींचा मुक्त गोठा आहे. तो घरापासून लांब रानात असून रात्री तेथे कोणी नसते. मोबाइलची रेंज जेमतेम आहे, वायफाय नाही. पहिलारू म्हैस रात्री विताना अडली, तर पशुवैद्यकांना बोलावण्याइतका वेळ हाताशी राहावा, एवढीच अपेक्षा आहे.

गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा धरून तारीख काढतो, कास भरणे आणि शेपटीच्या बुडाशी खळगे पडणे या खुणाही पाहतो. पण त्यावरून दिवसाचा अंदाज येतो, वेळेचा नाही. सकाळ-संध्याकाळ तापमान मोजून पाहिले. विण्याआधीच्या दिवसात ते थोडे उतरते हे खरे, परंतु म्हैस डुंबून आली की आकडा फसवा ठरतो. कॅमेरा लावला, तर त्याकडे पाहत कोणाला तरी जागावे लागते. हालचाल मोजणारा गळ्यातला पट्टा माज चांगला ओळखतो, विण्याची सूचना मात्र सहसा देत नाही.

शेपटीचा सेन्सर कळांमुळे वारंवार उचलल्या जाणाऱ्या शेपटीची हालचाल टिपतो. म्हशीची शेपटी मात्र चिखलाने ओली असते आणि माश्यांमुळे सतत हलत राहते. शिवाय घट्ट बांधल्यास ती सुजण्याची धास्ती आहे, आणि मुक्या जनावराला तो त्रास मुळीच द्यायचा नाही.

ज्यांनी हा सेन्सर म्हशींवर प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांनी कृपया सांगावे: सूचना किती वेळ आधी मिळते, खोट्या सूचना कितपत येतात, आणि इंटरनेटशिवाय साध्या सिमकार्डवरून फोन येण्याची सोय कोणत्या यंत्रात आहे?